कुंदावहिनींचं बोट

कॅरमच्या सामन्याला कॉमेंट्री नसते, हे ज्ञान मला मस्कतमध्ये प्राप्त झालं. तेही भर सभागृहात, माझ्या माइकची वायर भिंतीतून उपटली गेल्यावर.

नव्वदीची सुरुवातीची वर्षं. रुवीतल्या एका हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये आम्हा मराठी मंडळींची कॅरम स्पर्धा होती. देवाने मला आवाज भरपूर दिला आहे आणि तो बंद करायचं बटण बसवायला तो विसरला आहे, त्यामुळे निवेदक कोण हा प्रश्न आमच्याकडे कधी पडतच नसे. मी सुरुवात केली, "आणि रसिकहो, आता आपल्यासमोर आहेत आजच्या स्पर्धेतल्या एकमेव महिला खेळाडू, सौभाग्यवती..." तेवढ्यात सौभाग्यवती खुर्चीवरून उठल्या, शांतपणे भिंतीपाशी गेल्या, प्लग काढला, वायर नीट गुंडाळून टेबलावर ठेवली आणि परत जागेवर जाऊन बसल्या. समोरच्या माणसाला म्हणाल्या, "हं, चालू द्या."

त्या कुंदावहिनी. आमच्या कंपनीत एसी विभागात असलेल्या सुरेश मयेकरची बायको. ठेंगण्या, चष्म्याची काच जाड, पदर खोचलेला. कॅरम खेळायला आल्यात असं वाटायचंच नाही. शेजारणीकडे विरजण मागायला निघाल्या होत्या आणि चुकून इथे शिरल्या, असं वाटायचं. त्या दिवशी त्यांनी आमचे एकामागून एक सगळे पुरुष झोडपले. झोडपले म्हणजे आवाज न करता. स्ट्रायकर असा सरकायचा की सोंगटीला कुणी कानात काहीतरी सांगितलं आणि ती लाजून खिशात गेली, असं वाटावं.

पंचाईत पुढेच झाली. विजेत्याचं बक्षीस मीच आणलं होतं, दाढी करायचं इलेक्ट्रिक मशीन. बाई जिंकेल हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. बायकांसाठी आम्ही पाककृती स्पर्धा ठेवली होती. मी चेहरा शक्य तितका गंभीर ठेवून मशीन त्यांच्या हातात दिलं. हॉल हसून हसून लोळायच्या बेतात. वहिनींनी खोका उलटसुलट करून पाहिला, नवऱ्याला म्हणाल्या, "घ्या. आता रोज करा," आणि फडक्याने बोर्ड पुसायला लागल्या.

चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. आनंद, दुःख, अ‍ॅसिडिटी, सगळ्याला त्या बाईंचा चेहरा एकच. मी माणसांच्या चेहऱ्यांवर जगणारा प्राणी. समोरचा हसला नाही तर मला जेवण जात नाही. त्या दिवसापासून कुंदावहिनींना एकदा तरी हसताना किंवा रडताना बघायचं, असा मी चंगच बांधला.

एका शुक्रवारी अल् घुब्राच्या त्यांच्या फ्लॅटवर जेवायला गेलो होतो. तिथे सुरेशने मला त्यांची सगळी कारकीर्द सांगितली. त्या स्वतः आत माशाला मीठ लावत होत्या. रत्नागिरीच्या एका व्यायामशाळेत, जिथे मुलींना यायलाच बंदी होती, तिथे त्या दाराबाहेर बसून खेळ शिकल्या. पुढे दोनदा महाराष्ट्राच्या विजेत्या झाल्या, एकदा देशाच्या. मग परदेशातल्या एका स्पर्धेसाठी भारताच्या संघात निवड झाली. आणि तेव्हाच लग्न ठरलं.

"लग्नामुळे नाही राहिली रे," सुरेश खाली बघत म्हणाला. "माझ्यामुळे राहिली. मला वाटलं, लग्न झालं की लगेच हिला मस्कतला न्यायचं. म्हणून उत्साहाने साखरपुड्यालाच हिचा पासपोर्ट मागून घेतला आणि मुंबईच्या एजंटाकडे दिला. संघाचं विमान उडालं तेव्हा तो पासपोर्ट शिक्क्याची वाट बघत एजंटाच्या कपाटात पडला होता. आणि हिला व्हिसा मिळाला कधी? दुसऱ्या वर्षी!"

आखातात जाणाऱ्या माणसाला पासपोर्ट दिसला की तो एजंटाकडे द्यावासा वाटतो, हा आमचा रोगच आहे. मी जमेल तितका कळवळा आवाजात आणून आत हाक मारली, "वहिनी, फार वाईट वाटलं असेल ना हो तेव्हा?"

"वाटायला वेळ कुठे होता, भाऊजी? हळद लागायची होती." मग तव्यावर चर्र आवाज झाला आणि विषय संपला.

"बरं, आणि देशाची स्पर्धा जिंकलात तेव्हा काय वाटलं?"

त्या बाहेर आल्या, हात पुसले, खरोखर विचार केला. "काही नाही वाटलं. बोर्ड रिकामा दिसतो."

माझी आशा मावळली. पण ताटं वाढताना त्याच, कुणी विचारलेलं नसताना, म्हणाल्या, "एकदा बाहेर खेळायचंय मात्र. ज्यांना मी ठाऊक नाही अशा माणसांशी. हरले तरी चालेल." सुरेशने भाताचा घास तोंडापर्यंत नेला आणि तसाच धरून ठेवला.

एवढी एकच इच्छा मी त्यांच्या तोंडून ऐकली. पुढची सगळी वर्षं ती त्यांच्या घरात पाहुण्यासारखी राहिली. तिच्याशी कुणी बोलत नव्हतं, पण तिची जागा कुणी घेत नव्हतं. दर संध्याकाळी कामावरून आल्यावर त्या बोर्ड मांडायच्या आणि एकट्या खेळायच्या. एकदा पांढऱ्या बाजूने, एकदा काळ्या. मी विचारलं, "कोण जिंकलं?" तर म्हणाल्या, "ती."

काम त्यांनी धरलं होतं एका मासळीच्या कंपनीत. बर्फातली कोळंबी निवडून खोक्यात भरली जायची, त्यावर देखरेख. दिवसभर थंडीत. देखरेख म्हणजे नुसतं बघणं नव्हे, हात घालून चाचपणं. मोजे घालून मऊ-कडक कळत नाही म्हणून उजव्या हातमोज्याची बोटं त्यांनी कापून टाकली होती. बाहेर पंचेचाळीस अंश आणि आत ही बाई शाल पांघरून. मी एकदा तिथे एसीच्या बिलासाठी गेलो होतो, तर मला म्हणाल्या, "भाऊजी, दार लावा. ऊन आत येतंय." ऊन! जसं काही मांजर आत येत होतं.

आता त्यांची पावडरची गोष्ट. बोर्डावर टाकायची पावडर त्यांना इथली चालत नसे. ही बाई चिमूट घेऊन अंगठ्याने मधल्या बोटावर चोळायची आणि सांगायची, "दमट आहे," किंवा "भरड आहे." त्यामुळे सुट्टीवरून येताना त्या रत्नागिरीहून पावडर आणायच्या. एका वर्षी मस्कतच्या सीब विमानतळावर कस्टमच्या माणसाने बॅग उघडली. आत नऊवारी लुगडं, आणि लुगड्यात प्लास्टिकच्या पिशव्यांतून पांढरीशुभ्र भुकटी! मी त्यांना घ्यायला गेलो होतो, काचेपलीकडून बघत होतो. त्या ओमानी अधिकाऱ्याच्या भुवया टोपीत शिरल्या. सुरेशला दरदरून घाम. तो बिचारा हिंदीत, इंग्रजीत, शेवटी हातवाऱ्यांनी "गेम, गेम" म्हणून सांगतोय. आणि चिमटीने सांगण्याचा तो प्रकार असा काही दिसत होता की दुसरे दोन अधिकारीही जवळ आले.

वहिनींनी सुरेशला बाजूला केलं. पिशवीतून चिमूटभर पावडर घेतली आणि त्या अधिकाऱ्याच्या काचेच्या टेबलावर भुरभुरली. त्याच्यासमोर पडलेली दोन नाणी उचलून एक इकडे, एक तिकडे ठेवलं. बोट वाकवलं, टिचकी मारली. पहिलं नाणं झुळुकीसारखं गेलं, दुसऱ्याला लागलं, आणि दुसरं टेबलाच्या कडेवरून थेट त्या माणसाच्या तळहातात. त्याने ते उलटसुलट करून बघितलं. मग त्याने ते नाणं परत टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "वन मोर."

बाहेर आल्यावर मी पोट धरून हसत होतो. वहिनी म्हणाल्या, "काच चांगली होती हो त्यांची."

त्या रुवीच्या स्पर्धांना पंच असायचे हमीदभाई. रत्नागिरीजवळच्या खाडीकाठचे, रुवीत भांड्यांचं दुकान. वहिनी आणि ते एकाच किनाऱ्याचे, त्यामुळे भेटले की भांडण ठरलेलं. "कुंदा बाय, तुजा बांगडा म्हंजे आमच्या घरचा हळदीचा पानी गो." "असू दे. तुमच्या दुकानातल्या कढया बघा आधी, एक सरळ बसत नाही." पण बोर्डापाशी दोघं गंभीर. कॅरममध्ये हात किंवा बाही दुसऱ्याच्या सोंगटीला लागली तर ती चूक. पडलेली सोंगटी परत बोर्डावर ठेवायची आणि पाळी जायची. हे इतकं बारीक असतं की पंचाला दिसत नाही. वहिनी स्वतःहून सांगायच्या, "लागला हात." अटीतटीच्या डावातसुद्धा. उलट समोरच्याने संशय घेतला आणि त्या "नाही लागला" म्हणाल्या, तर हमीदभाई पुढे चौकशीच करत नसत. "ती नाय म्हनली ना? खलास. फुडे."

शुक्रवारी सकाळी त्या मुलांना शिकवायच्याही. घुब्राच्या शाळेतली ही मुलं आपसात इंग्रजीतच बोलायची. त्यांत श्रेया नावाची एक किडकिडीत मुलगी होती. आठ वर्षांची असताना आली, ती पुढे गेलीच नाही. "मावशी, माझी सोंगटी पडली नाही, ती... ती स्टक झाली. आता मी काय करू?" "जीभ आत घे आणि खेळ," वहिनी सांगायच्या. बाकीची मुलं क्रिकेटकडे, टीव्हीकडे गेली. श्रेया राहिली. दहावीत होती तेव्हाच तिने मला असं हरवलं की मी घरी जाऊन बायकोला सर्दी झाली म्हणून सांगितलं.

मग दोन हजार चार-पाचच्या सुमाराला बातमी आली. युरोपात एक मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती, आणि मस्कतमधून एक पुरुष आणि एक बाई पाठवायची होती. निवड स्पर्धा रुवीतच.

मी धावतच घुब्राला गेलो. जिना चढतानाच ओरडत होतो. वहिनींनी दार उघडलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं. चपला बाहेर काढा." पण सुरेश! सुरेश दुसऱ्याच दिवशी अर्बाबच्या, म्हणजे आमच्या ओमानी मालकाच्या, दारात जाऊन उभा राहिला. आमच्या कंपनीत सगळ्यांचे पासपोर्ट, बायकोचेसुद्धा, ऑफिसच्या तिजोरीत असायचे. स्पर्धेला अजून दोन महिने होते, निवड व्हायची होती, आणि हा पठ्ठ्या बायकोचा पासपोर्ट मागत होता. मिळेपर्यंत रोज जात राहिला. तो हातात आल्यावर त्याने तो शर्टाच्या खिशात ठेवला आणि वर सेफ्टी पिन लावली. मी चिडवलं, "अरे, एजंटाकडे नाही दिलास?" तो हसला नाही. तेव्हा मी गप्प बसलो. हे माझ्याकडून क्वचित घडतं.

त्याच दिवसांत एका शुक्रवारी मी त्यांच्याकडे बसलो होतो. वहिनींनी पावडरची चिमूट घेतली, बोटावर चोळली, पुन्हा चोळली, आणि श्रेयासमोर धरली. "बघ गं, दमट आहे का?"

श्रेयाने बघितलं. "थोडी आहे, मावशी."

एवढंच. पण माझा चहाचा कप खाली आला. या बाईने आजवर कुणाला पावडर विचारली नव्हती. श्रेया गेल्यावर मी विचारलं, तर म्हणाल्या, "मधलं बोट बधिर झालंय. वर्षभर झालं असेल. आधी टोक गेलं, आता पेरापर्यंत आलंय." जणू नळाला पाणी कमी येतंय असं सांगत होत्या. डॉक्टर म्हणाला होता की मनगटात नस दबली आहे, बर्फातलं काम सोडा, ऑपरेशन करू, फरक पडेल किंवा नाही पडणार.

"मग खेळता कसं?"

"बघून. ऐकून. बोट जागेवर असतं, भाऊजी. फक्त सांगत काही नाही."

"सुरेशला माहीत आहे?"

"निवड झाली की सांगू."

निवड स्पर्धेच्या अंतिम फेरीत एका बाजूला कुंदावहिनी आणि दुसऱ्या बाजूला श्रेया. दुसरं कोण असणार! पंच हमीदभाई. पहिल्या रांगेत सुरेश, हात खिशावर. माइक माझ्यापासून लांब ठेवला होता. एक सेट हिचा, एक तिचा. तिसऱ्या सेटच्या शेवटच्या डावात दोघींची एकेकच सोंगटी उरली होती. वहिनींची पांढरी, श्रेयाची काळी. पाळी वहिनींची. पांढरी अवघड जागी होती. तिच्यापर्यंत जायला हात काळ्या सोंगटीच्या अगदी वरून न्यावा लागत होता. वहिनी वाकल्या. मधलं बोट काळीवरून केसभर अंतरावर. टिचकी. पांढरी सोंगटी कडेला लागली, वळली आणि खिशात पडली.

मी उडी मारणारच होतो. पण काळी हलली होती. अगदी थोडी, पावडरवर नखाएवढा नवा डाग दिसत होता. स्ट्रायकर परत येताना तिला घासून गेला असेल, किंवा बोट लागलं असेल.

हमीदभाईंनी चष्मा वर केला. नेहमीच्या सवयीने, नुसतं विचारायचं म्हणून विचारलं, "कुंदा बाय, हात लागला काय?"

वहिनींनी बोटाकडे बघितलं. सभागृह "नाही" ऐकायला थांबलं होतं.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या.

"माहीत नाय म्हंजे?" हमीदभाई खुर्चीतून अर्धवट उठले. "मी नाय बगितला. पोरीनंय नाय बगितला. तू नाय म्हन गो, खलास."

श्रेयाच्या डोळ्यांत पाणी. "मावशी, इट्स ओके. मला वाटतं स्ट्रायकरनेच हलली."

"वाटतं? की बघितलंस?"

"...नाही बघितलं."

"मग."

"अगो, 'माहीत नाय'ला शिक्षा खय हाय?" हमीदभाईंचा आवाज चढला. "पुस्तकात तसा काय लिवलेला नाय!"

"पुस्तक लिहिणाऱ्याला बोट असेल," वहिनी म्हणाल्या. "माझं बधिर आहे." त्यांनी जाळीत हात घालून स्वतःची पांढरी सोंगटी बाहेर काढली आणि बोर्डाच्या मधोमध ठेवली. मग श्रेयाकडे बघितलं. "खेळ. आणि मुद्दाम चुकवलंस तर मी उठून जाईन. पुन्हा घरी यायचं नाही."

ती काळी सोंगटी सोपी होती, कुणीही घातली असती. श्रेयाने डोळे पुसले, नाक ओढलं, जीभ आत घेतली आणि घातली.

टाळ्या वाजल्या नाहीत. वहिनींनी फडकं घेतलं आणि बोर्ड पुसला, चारही कोपरे, नेहमीसारखा. पहिल्या रांगेत सुरेशने खिशाची पिन काढली, पासपोर्ट बाहेर काढला, त्यावरचं स्वतःच्या बायकोचं नाव वाचल्यासारखं केलं आणि पुन्हा आत ठेवला. पिन त्याने लावली नाही. शनिवारी सकाळी ऑफिसात तो तिजोरीपाशी उभा दिसला.

मी इतकी वर्षं ज्या चेहऱ्याची वाट बघितली, तो तेव्हा तरी दिसेल असं मला वाटलं होतं. नाही दिसला. मला त्यांचा राग आला, ते 'माहीत नाही' ऐकणाऱ्या स्वतःच्या कानांचा राग आला, हमीदभाईंनी प्रश्न विचारला म्हणून त्यांचाही. वहिनींना एकट्यांनाच काही झालं नव्हतं. निदान तसं दिसत होतं. बोटाचं सुरेशला तिथेच, सगळ्यांबरोबर कळलं. जिन्यावर तो एवढंच म्हणाला, "सांगायचंस गं." त्या म्हणाल्या, "सांगणार होते."

श्रेया युरोपला निघाली त्या दिवशी दुपारी मी वहिनींना माझ्या गाडीतून सीबला नेलं; सुरेशची ड्यूटी होती. विमानतळावर श्रेयाचे आईवडील, फुगे, फोटो. श्रेया वहिनींच्या गळ्यात पडली. "मावशी, काहीतरी टिप दे ना."

वहिनी विचार करून म्हणाल्या, "तिथे थंडी असेल. रात्री हात पांघरुणात ठेव."

मुलगी आत गेली. वहिनी काचेपाशी जरा वेळ उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, "चला. पाव घ्यायचे आहेत."

परतीच्या वाटेवर मी एका कॉफी शॉपसमोर गाडी थांबवली. हॉर्न दिला की तिथला मल्याळी माणूस खिडकीशी चहा आणून देतो. त्याने दोन कागदी कप दिले, काठोकाठ भरलेले. माझा कप मी कसाबसा कडेला धरला, फुंकर घातली, हात बदलला, शेवटी सीटच्या मधल्या खाचेत ठेवून बोटं झटकली. वहिनींनी आपला कप उजव्या हातात धरला होता. पूर्ण मुठीत, स्थिर. वाफ त्यांच्या चष्म्यावर जमत होती. पुढच्या काचेतून त्या रस्त्याकडे बघत होत्या. मी बोलत होतो, काय ते आता आठवत नाही. काहीतरी विनोद असणार.

मग त्यांनी मला मध्येच थांबवलं आणि कप माझ्यासमोर धरला.

"भाऊजी, गरम आहे का हो?"

मी कपाला बोट लावलं आणि मागे घेतलं.

"आहे, वहिनी. खूप आहे."

"मग थांबते," त्या म्हणाल्या. कप त्यांनी डॅशबोर्डवर ठेवला, हात मांडीवर घेतला आणि चहा निवायची वाट बघत बसून राहिल्या.